पाया पडून खेळणारी पोरं

ज्यांना तासाभरात कोर्टावर धुवायचं आहे, आधी त्यांच्याच पाया पडायचं, ही कुठली पद्धत? पण आमच्या यवतमाळात ती आहे आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटत नाही. विद्यापीठाच्या संघातली ती उंचच उंच पोरं एकामागून एक वाकली, "नमस्ते काका" म्हणाली, आणि आमच्या मास्तरने तर एकाच्या डोक्यावर हात ठेवून "जिंका बेटा" असा आशीर्वादसुद्धा दिला.

"अबे, तो आपल्याविरुद्धच खेळून राह्यला न!" मी तिथल्या तिथे त्याला झापलं.

"मंग काय शिव्या देऊ?" मास्तर म्हणाला.

मास्तर म्हणजे आमच्या सकाळच्या टोळीतला माझा सगळ्यात जुना दोस्त. हायस्कूलात गणित शिकवतो, पोट सुटलंय, तरी बास्केटखाली उभा राहिला की हलत नाही. मी सरकारी कचेरीत आवक-जावक बघतो. बाकी एक वकील, एक औषधवाला, एक कापसाच्या जिनिंगमध्ये असतो. कॉलेजच्या ग्राउंडवरच्या सिमेंटच्या कोर्टावर वीसेक वर्षं आम्ही रोज सकाळी खेळतो. रिंगला जाळी नाही, बोर्ड वाकडा झालाय, आमचे गुडघे त्याहून वाकडे. पण खेळतो. माझ्यासाठी ही साधी गोष्ट नाही, कारण मी कुठे टिकत नाही. बॅडमिंटनला जायचो, एका वर्षी लागोपाठ हरलो आणि रॅकेट माळ्यावर टाकली. कॅरम क्लब सोडला तो भांडून. बायको म्हणते, तुम्हाले हरणं पचत नाही. बरोबर आहे तिचं. बास्केटबॉल मात्र टिकला, कारण माझा हूक.

हूक म्हणजे बास्केटकडे कूस करायची आणि चेंडू डोक्यावरून हाताने वळवून टाकायचा. समोरच्याच्या हाताला तो लागत नाही. हा मी शाळेत असताना शिकलो, आणि टोळीत माझी इज्जत आहे ती त्याच्यावरच. "दादाचा हूक कोणाच्या बापाले अडत नाही," असं मास्तरच सगळ्यांना सांगायचा.

त्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या संघाचं शिबिर आमच्या ग्राउंडवर लागलं होतं. आमचं झालं की त्यांचं सुरू व्हायचं. एका रविवारी त्यांचे सर म्हणाले, या न, पोरांसोबत एक गेम होऊ द्या. आम्ही हुरळलो. माझ्यासमोर दारव्ह्याचा एक काटकुळा पोट्टा आला. हात इतके लांब की उभ्या उभ्या गुडघ्याला खाजवेल. मी कूस केली, हूक टाकला, आत. पुन्हा टाकला, पुन्हा आत. "एक नंबर, काका!" पोट्टा म्हणाला. हरलो आम्ही भरपूर, पण मी तर हवेतच होतो.

नळावर तोंड धुवायला गेलो आणि मागून त्यांच्या सरांचा आवाज आला. "शाबास रे. काका लोकांना असंच सांभाळून खेळायचं. कोणी पडलं-बिडलं तर आपल्याच डोक्याले ताप."

पाणी तोंडात तसंच राहिलं. सांभाळून? म्हणजे तो हूक आत गेला तो माझा होता, की त्या पोट्ट्याने जाऊ दिला होता?

त्या आठवड्यात माझं कशात म्हणून लक्ष लागलं नाही. कचेरीत दारव्ह्याचं टपाल झरीच्या गठ्ठ्यात घातलं. साहेब म्हणाले, तब्येत बरी आहे न? रात्री जेवताना हात आपोआप डोक्यावरून वळायचा. बायकोने एकदा पोळी वाढता वाढता विचारलं, "काय माशा मारून राह्यले का?" मी तिच्यावर खेकसलो. मग सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पोरानं मोठ्या माणसाचा मान ठेवला, तर बिघडलं काय?"

काय बिघडलं हे मला तिला समजावता येईना. मान नको होता मला. माझ्याकडे आयुष्यात दाखवण्यासारखी एकच गोष्ट आहे, आणि ती खरी आहे की खोटी एवढंच मला कळायला पाहिजे होतं.

पुढच्या रविवारी पोट्टा पाया पडायला वाकला तसा मी मागे सरकलो. "पाया पडू नको. आज अंगावर ये."

"लागन न काका तुमाले."

"लागू दे."

तो हसला. त्याला वाटलं, काका गंमत करून राह्यले.

गेम सुरू झाला. चेंडू माझ्याकडे आला, मी कूस केली, आणि पाहिलं तर पोट्ट्याचे ते लांबलचक हात मुद्दाम अर्ध्यावर थांबलेले. माझं डोकंच फिरलं. मी चेंडू टाकलाच नाही. सरळ त्याच्या छातीशी नेऊन दिला. "घे. खेळा तुम्ही."

"अबे, काहून?" मास्तर ओरडला. दुसऱ्यांदा मला वाट मोकळी मिळाली, मी दुसऱ्यांदा चेंडू त्याला दिला. वकील कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "याले झालं काय? आपल्या हातानं हरवून राह्यला हा!" तिसऱ्यांदा दिला तेव्हा मास्तर खरंच चिडला. "खेळायचं नसन तर घरी जाय न, बावा!"

पोट्टा गोंधळला. त्याने आधी त्यांच्या सरांकडे पाहिलं, पण सर फोनवर बोलत होते. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, तेव्हा पहिल्यांदा त्याने मला नीट पाहिलं.

"काका, खरंच?"

"खरंच."

पुढचा चेंडू मी घेतला, कूस केली, हात वर नेला. धप्प! चेंडू कुठे गेला तेच कळलं नाही. तो पार कुंपणाजवळ, उभ्या केलेल्या गाड्यांमध्ये जाऊन पडला होता. पुन्हा टाकला, पुन्हा धप्प. डावीकडून टाकला, धप्प. पोट्टा उडीसुद्धा पुरती मारत नव्हता. जणू मी कधी टाकणार हे त्याला माझ्याआधी कळत होतं. गेम संपला तेव्हा माझ्या नावावर भोपळा होता.

मी धापा टाकत त्याला गाठलं. "तुला कळतं कसं, बेटा?"

त्याने मान खाली घातली. "सांगू का? राग नका मानू. मारायच्या आधी तुमची जीभ बाहेर येते, काका. या कोपऱ्यातून. पहिल्याच दिवशी दिसली मले."

मी मास्तरकडे वळलो. वाटलं, तो हसेल, काहीतरी भांडेल माझ्या बाजूने. मास्तर बुटाची लेस बांधत होता. वकील औषधवाल्याकडे बघत होता.

"तुम्हालेही माहीत होतं?"

औषधवाला म्हणाला, "जुनी गोष्ट आहे, दादा."

वीस वर्षं! माझ्या अंगाची नुसती आग आग झाली. बाकीचे गाड्यांकडे निघाले, मी मास्तरची पिशवी धरून त्याला थांबवलं. "माहीत होतं, तर अडवला काहून नाही एकदाही? तूसुद्धा थांबलेले हात घेऊनच उभा राहायचास न माझ्यासमोर?"

मास्तर लेस सोडून उभा राहिला. "अडवला असता, तर तू दुसऱ्या दिवशी आला असता?"

मी त्याची पिशवी सोडली आणि गाडीला किक मारून निघालो. घरी जाऊन आरशासमोर हात वर केला. आली जीभ बाहेर. बायको मागेच उभी होती. "सुईत दोरा ओवतानाही येते," ती म्हणाली. म्हणजे हिलाही!

रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. नाही जायचं आता, असं ठरवूनही टाकलं. रॅकेट ठेवली त्या माळ्यावर बूट ठेवायला जागा आहे, इथपर्यंत विचार गेला. आणि सकाळी थंडीत कानाला मफलर गुंडाळून सगळ्यांच्या आधी कोर्टावर जाऊन उभा होतो.

मास्तर आला. मला बघून फाटकातच थबकला. मी चेंडू दोनदा आपटला, बास्केटकडे कूस केली. "ये. हात वर करून ये."

"अबे, जाऊ दे न."

"ये म्हणतो न!"

तो आला, पोटासकट आला. मी जीभ दाताखाली घट्ट धरली आणि हूक टाकला. मास्तरने हात वर केला आणि चेंडू सरळ खाली आपटला. मग स्वतःच घाबरून माझ्याकडे बघत राहिला. माझ्या तोंडात रक्ताची चव आली होती, जीभ चावली गेली होती, आणि डोळ्यांत पाणी आलं ते काही जिभेचं नव्हतं.

घरंगळत गेलेला चेंडू मी उचलून आणला.

"उद्या येतो," मी म्हणालो.