थंड कोपऱ्यातला सेन्सर

बितुंगच्या मासळी कारखान्यात डबे शिजवायच्या वाफेच्या टाकीत नोल्डाने तापमान मोजणारे प्लॅटिनमचे सेन्सर बसवले आणि त्यांच्या तारा बाहेरच्या नोंदयंत्राला, लॉगरला, जोडल्या. टाकीतल्या सगळ्यात थंड कोपऱ्यावरून डबे किती वेळ शिजवायचे ते ठरायचं. नेमकी तिथेच तीन तारांची केबल तोकडी पडली. तिने लांबलचक दोन तारांची केबल जोडून वेळ भागवली. बर्फाच्या पाण्यात सेन्सर तपासायचे राहिले होते; म्हटलं, नंतर बघू.

चाचणीचे डबे कामगारांनी वाटून घ्यायचे, ही तिथली रीत. यंदा ते पिकाबद्दल देवाचे उपकार मानायच्या सणाच्या तोंडावरच हाती आले.

डबे घरोघर गेल्यावर तिने सेन्सर बर्फात बुडवले. बाकीच्यांनी शून्य दाखवलं, त्या एकाने चार अंश. तिसरी तार जो वजा करते तो लांब केबलचा रोध लॉगरने तापमान म्हणून मोजला होता. म्हणजे कोपरा होता त्याहून गरम दिसला, तिथले डबे कच्चे राहिले होते, आणि कच्च्या डब्यातलं विष ना वासाला कळतं, ना चवीला.

ती धावत चर्चच्या आवारात गेली. सणाचा स्वयंपाक चालला होता.

"तांते मिंचे, ते डबे परत हवेत," ती म्हणाली. "लेबल चुकलंय."

डबे भरणाऱ्या बायकांची मुकादम मिंचे, जिला सगळे तांते म्हणजे मावशी म्हणत, मिरच्या वाटत होती. "लेबल कोण खातंय, बाई? आम्ही मासा खातो!"

बायका खिदळल्या. वाफेचा झडपवाला यॉपी म्हणाला, "इंजिनिअरबाई लेबलं कधीपासून चिकटवायला लागल्या?"

"साहेबाला सांग, पोटात गेले!" म्हणत मिंचेने डबा उचलून झाकणाला सुरी लावली.

"उघडू नका! तार मी चुकीची जोडली. डबे कच्चे आहेत. जीव जाईल, तांते."

मिंचेने डबा खाली ठेवला. झाकणाला टेकलेली सुरी तिने विषाच्या भीतीने गवताला पुसली.

"मग लेबलाचं कशाला सांगत होतीस?"

नोल्डाला मान वर करवेना. "लाज वाटली."

"आणि आम्ही हसत हसत खाल्ले असते."

कुणी ओरडलं नाही, तेच तिला सोसवेना. बायकांनी डबे पोत्यात टाकले. यॉपीने तोंड बांधून दिलं. "उद्या जेवायला ये," मिंचे तिच्याकडे न बघता म्हणाली, "सणाला कुणाला नाही म्हणत नाही आम्ही. आज मात्र नजरेसमोरून जा."

पोतं खांद्यावर घेऊन ती डबे गेलेल्या पुढच्या घरी गेली. दार उघडताच, नमस्कारही न करता, तिने आधी आपली चूक सांगितली.