किडा निघाला, बीळ राहिलं

“निघाला गं बया! किडा निघाला!” ठकूबाई खुर्चीपाशी वाकून ओरडल्या. त्यांच्या लेकाचं डोकं धरून मी उभी होते. बोलून गेले, “हो मावशी, निघाला एकदाचा.”

सगळ्या नोकरीत एवढं महागात पडलेलं वाक्य दुसरं नाही.

आमचा दवाखाना चिंचवड स्टेशनजवळ, दोन खोल्यांचा. गोष्ट पन्नास सालानंतरची, पिंपरीत कारखाने नुकते उभे राहत होते तेव्हाची. मोकाशी डॉक्टर दातांचे, तिशीच्या आतले. मी त्यांची असिस्टंट. असिस्टंट म्हणजे काय, तर केर काढायला लागलेली सातवी पास बाई. हत्यारं उकळता उकळता त्यांची इंग्रजी नावं पाठ झाली. मग डॉक्टरांनी हात पुढे केला की मागायच्या आत हवं ते हातात ठेवायला लागले. शिकवलं कुणी नाही हो, बघून बघून शिकले.

तेव्हा दात दुखला की उपटायचा, एवढंच लोकांना ठाऊक. आमच्या डॉक्टरांना मात्र रूट कॅनालचं वेड. दाताच्या आत मुळाच्या टोकापर्यंत एक बारीक पोकळी असते, तिच्यात नस. कीड तिथवर पोचली की ठणका सुरू. मग ती नस काढायची, पोकळी साफ करायची, औषध घालून काही दिवस बंद ठेवायची. शेवटी गटापर्चा नावाच्या चिकासारख्या पदार्थाने टोकापर्यंत भरायची. दात जागच्या जागी राहतो. आमच्याकडे ह्याला तीन खेपा लागत. शेवटची चुकली की आधीच्या दोन पाण्यात.

मुंबईच्या एका डेंटल कॉलेजात ह्याच विषयाची, एंडोडॉन्टिक्सची, टीचिंग फेलोशिप निघाली होती. वर्षभर मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकायचं आणि मुलांना शिकवायचंही. जागा एकच. अट अशी, की इंटरव्ह्यूला स्वतःची एक पुरी केस आणायची, आधीच्या आणि नंतरच्या एक्स-रेसकट.

आमची केस म्हणजे हा मारुती. गाव चाकणच्या पुढे, पिंपरीत कारखान्यात नवा लागलेला. वरचा पुढचा दात किडलेला आणि लग्न ठरलेलं. दात काढला तर बोहल्यावर तोंड मिटून उभं राहायची पाळी! पहिला एक्स-रे पुण्याला नेऊन काढला आणि काम सुरू केलं.

इंजेक्शन दिलं तरी गडी लटलट कापत होता. डॉक्टरांनी ब्रोच आत घातला. ब्रोच म्हणजे केसासारखी काटेरी तार. ती फिरवून ओढली की नस अडकून बाहेर येते. आली, लालसर, दोऱ्यासारखी. खेडोपाडी तेव्हा रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातला किडा पाडणाऱ्या बायका फिरत. ठकूबाईंनी तसला किडा पाहिलेला, त्यांना तो हाच वाटला. आणि मी हो म्हणाले. डॉक्टरांनी डोळे वटारले, पण मारुतीचं कापणं थांबलं होतं. म्हटलं, बरंच झालं की.

गुरुवारी दुसरी खेप. मारुती आला नाही. शुक्रवारीही नाही. कारखान्यात चौकशी केली, तर कांदे काढायला रजा टाकून गावी गेलेला. इंटरव्ह्यू पुढच्या शनिवारी.

“शांताबाई,” डॉक्टर म्हणाले, “तुमचा किडा गेला तो माझी फेलोशिप घेऊनच गेला.”

“दुसरा पेशंट बघू.”

“आठवड्यात? तीनदा यायला तयार असलेला माणूस दाखवा मला.”

“मग हाच आणते. मी बोलले, मीच निस्तरते.”

रविवारी सकाळच्या एसटीने चाकण, पुढे पायी. ठकूबाई कांदे साठवायच्या चाळीपाशी निवडानिवड करत बसलेल्या. मारुती पोती शिवत होता. मला बघून छान दात दाखवून हसला.

“आता कशापायी यायचं?” ठकूबाई म्हणाल्या. “किडा निघाला, ठणका थांबला. समद्या आळीला सांगितलं म्या.”

खरं सांगावं म्हटलं. “मावशी, तो किडा नव्हता. दातातली नस होती. मारुती घाबरला होता, म्हणून मी हो म्हणाले.”

त्यांचा हात थांबला. “मंग तवा खोटं बोलला व्हय? आन् आता खरं बोलताय कशावरनं?”

बरोबरच होतं त्यांचं. मी खाली बघितलं. चाळीच्या बुडाशी एका भोकात बाभळीचे काटे ठासून वरून चिखल लिंपलेला.

“हे काय मावशी?”

“उंदराचं बीळ. परवाच मारला मेल्याला.”

“मेला ना? मग बीळ कशाला बुजवलं?”

“आवं, शहरातल्या बाई तुमी! बीळ उघडं ऱ्हायलं तर दुसरा येतोय की!”

मी नुसती मारुतीच्या तोंडाकडे बघत राहिले. ठकूबाईंनीही मान वळवून तिकडे बघितलं. मग कपाळाला हात लावून अशा हसल्या की पदर सावरेना.

“मारत्या, ऊठ. वहाणा घाल. बाईंच्या संगं जा आन् बीळ बुजवून ये.”

डॉक्टरांनी त्याच दिवशी पोकळी साफ करून औषध घातलं. गुरुवारी मारुती आपल्या पायांनी आला. दात भरला, पुण्याला जाऊन एक्स-रे काढला. भरलेल्या गटापर्चाची पांढरी रेघ मुळाच्या टोकापर्यंत, कुठे तुटलेली नाही. डॉक्टरांनी ती फिल्म उजेडाला धरून चारदा बघितली, मी पाचदा.

शनिवारी इंटरव्ह्यूत एका म्हाताऱ्या प्रोफेसरांनी एक्स-रे बाजूला ठेवून विचारलं, “ठणका थांबल्यावर हा माणूस परत आलाच कसा? आमचे तर मुंबईतले येत नाहीत.” डॉक्टरांनी बिळाची हकिकत सांगितली. प्रोफेसर म्हणाले, “उद्या मुलांनाही अशीच सांगा.” म्हणजे जागा मिळाली.

वर्षभर दवाखाना दुसऱ्या डॉक्टरांनी चालवला, मी होतेच. मोकाशी डॉक्टरांचं मुंबईहून पत्र आलं, की पहिल्या तासाला फळ्यावर दात काढण्याआधी उंदराचं बीळ काढलं.

मारुतीच्या लग्नाला मोकाशी डॉक्टर आणि मी, दोघंही गेलो. हार घालताना तो तोंडभर हसला. ठकूबाई वऱ्हाडाला सांगत होत्या, “किडा डाक्टरनं काढला, बीळ बुजवलं ह्या बाईंनी.” तो किडा नव्हता, हे त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही. मीही पुन्हा समजवायला गेले नाही.

घाबरलेल्या पेशंटला धीर देताना खोटं बोलू नये. आणि बोललातच, तर एसटीच्या वेळा पाठ असू द्याव्यात.