पंचावन्न मिलिमीटरची कडी

माझ्या दुर्बिणीतून काढलेल्या फोटोंत मधले तारे टाचणीच्या टोकासारखे यायचे आणि कोपऱ्यातल्यांना शेपट्या फुटायच्या. त्यावर उपाय म्हणून मी एक जादा भिंग घेतलं. ते कॅमेऱ्यापासून बरोब्बर पंचावन्न मिलिमीटरवर बसलं तरच काम करतं. मधल्या अंतरासाठी कडी हवी होती. बाबा आयुष्यभर टर्नर; सिडकोतल्या आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं छोटं लेथ मशीन होतं.

सहीचं ड्रॉइंग हातात आल्याशिवाय बाबा मशीनला हात लावत नसत, मग काम पोटच्या पोरीचं का असेना. मी इंजिनिअर, झोकात सही ठोकली. कागद बघून त्यांनी विचारलं, "हे पंचावन्न कॅमेऱ्याच्या तोंडापर्यंत धरलंय का आतल्या सेन्सरपर्यंत?"

"ड्रॉइंगप्रमाणे करा ना, बाबा. हे काही नट-बोल्ट नाहीत."

त्यांनी ड्रॉइंगप्रमाणेच केली, केसाचाही फरक नाही.

गच्चीवर माझी आकाश बघणारी मित्रमंडळी जमली होती. फोटोत शेपट्या उलट लांबल्या. मी हसत म्हणाले, "घरगुती काम, दुसरं काय!" बाबा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभे होते. ट्रे ठेवून खाली गेले. महिन्याभरात त्यांनी मशीन विकलं. गुडघे दुखतात म्हणाले, आणि मला ते खरं मानणं सोयीचं होतं.

चार वर्षं ती कडी डब्यात पडून होती. परवा ती घेऊन अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या कारागिराने ती बोटांत फिरवली. "काम एक नंबर हाय, मॅडम. पण माप कुठून धरलंय?"

मी गारच पडले. पंचावन्न मोजायचे ते फोटो टिपणाऱ्या सेन्सरपर्यंत, आणि तो कॅमेऱ्याच्या तोंडापासून अठरा मिलिमीटर आत असतो. ते अठरा मी वजाच केले नव्हते. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण कोण, तर माझा बाप.

कडी कापून आणली. संध्याकाळी कोपऱ्यातला ताराही नेटका ठिपका आला. आनंद व्हायला हवा होता, लाज वाटली. फोटो बाबांना नेऊन दिला, चूक सांगितली. त्यांनी फोटो दोन्ही हातांनी धरला. हल्ली त्यांचे हात स्थिर राहत नाहीत.

"कोपरे छान आलेत," ते म्हणाले.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? माझ्या सहीचा कागद होता तुमच्याकडे. सगळ्यांसमोर दाखवला का नाहीत?"

"सगळ्यांना कशाला दाखवू? तुला विचारलं होतं की."