तात्या भुयाराच्या बाजूला बसले

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. हे मी लाजत सांगत नाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमचं मूळ गाव मुळशीच्या धरणाच्या पाण्याखाली गेलं. आम्ही पौडच्या अलीकडे येऊन राहिलो आणि तिथून मी पुण्याच्या कॉलेजात गेलो. वडील दुसऱ्याच्या खाचरात भात लावायचे. धाकट्या चुलत्यांना आम्ही तात्या म्हणायचो. त्यांनी आधी धरणाच्या बोगद्यात दगड उपसले आणि ते काम संपल्यावर मुंबई गाठली. गिरगावातल्या बिऱ्हाडांतून जेवणाचे डबे गोळा करायचे, लाकडी पाटीत रचायचे, पाटी डोक्यावर घ्यायची आणि कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, कचेऱ्यांत नेऊन पोहोचवायची, हा त्यांचा धंदा. मधला मोठा टप्पा ते ट्रामने जायचे. ओळखीचा एक कंडक्टर पाटी मागच्या बाजूला टेकवू द्यायचा. ट्राम आहे म्हणून डबे ऊन पोहोचत होते, आणि डबे ऊन पोहोचतात म्हणून तात्यांचं घर चालत होतं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या मराठी मंडळाने वादसभा ठेवली. विषय असा होता, की वाढत्या मुंबईला जमिनीखालून जाणारी रेल्वे हवी, की रस्त्यावरची ट्रामच वाढवावी. कोणी कुठल्या बाजूने बोलायचं ते प्राध्यापकांनी ठरवलं. माझ्या वाट्याला भुयार आलं. मी भुयारी रेल्वे कधी पाहिली नव्हती. खरं तर प्राध्यापकांनीही पाहिली नव्हती. विलायतेत अशी गाडी आहे, माणसं जिन्याने खाली उतरतात आणि शहराच्या पोटातून दुसरीकडे निघतात, एवढं वाचलं होतं. पण ते वाचूनच माझं डोकं गरगरलं होतं. वर बाजार भरलाय, बैलगाड्या चालल्यात, आणि कोणाला न कळता खालून हजारो माणसं निघाली आहेत! त्या आठवड्यात पुण्याच्या रस्त्याने चालताना मी पाय जरा जपूनच टाकत होतो.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा देवळासमोर बसून मी हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. तात्याही मुंबईहून आले होते. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावकीत कशावरही वाद निघाला, की दोन माणसं समोरासमोर उभी राहून बोलायची आणि बाकीच्यांनी ऐकायचं. हात वर करणं वगैरे नाही. ज्याचं म्हणणं पटलं त्याच्या बाजूला उठून जाऊन बसायचं. भाऊ असो, व्याही असो, आपला बांध गेला तरी बेहत्तर, पटलं तर तिकडे बसायचं. आणि जिकडे माणसं जास्त बसली ते ठरलं. देवळासमोर ठरलेलं फिरवायचं नाही. तेव्हा मी सभा म्हटल्यावर मंडळी जे समजायचं तेच समजली. पुण्यात शिकलेली माणसं बसणार, आमचा पोरगा बोलणार आणि मुंबईचं ठरणार!

शेजारचा धनगर सगळं ऐकून घेत होता. शेवटी तो म्हणाला, "म्हंजी वर ट्राम, खाली आगगाडी, अन् मधी मानूस. मंग आमी मेंढरं कुटून न्यायाची?"

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी बारीक विचारायला सुरुवात केली. जिना किती उतरायचा? पाटी घेऊन उतरता येईल का? खाली गेल्यावर भाजी-आमटीचा वास साहेबलोक चालवून घेतील का? आणि भुयार झाल्यावर ट्राम राहील का? मला ठाऊक नव्हतं. माझ्या भाषणात तर असंच होतं, की ट्रामचे रूळ उखडून रस्ता मोकळा करावा.

घरी परतताना ते मला म्हणाले, "तू दुसऱ्या अंगानं बोल की. ट्रामच्या."

बाजू मी निवडलेली नाही, दिलेली आहे, हे मी त्यांना समजावलं. असं कसं, म्हणाले, आपल्याला जे पटत नाही ते माणूस बोलेल कसा? मी म्हटलं, "तात्या, मला पटलंय." आणि ते खरं होतं. ते एवढंच म्हणाले, की मुंबईला जायची गाडी पुण्याहूनच धरायची आहे, तर वाटेत सभेला येईन.

सभेच्या दिवशी ते आणि धनगर पौडच्या रस्त्याने चालत पुण्यात आले. धनगराला घोंगड्या विकायच्या होत्या. सभागृहात शिरताना दोघांनी वहाणा बाहेर काढल्या. वर एवढं उंच छत, खांब, रांगेत मांडलेल्या खुर्च्या. धनगर घोंगड्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला बसला. तात्या खुर्चीवर बसलेच नाहीत, मागे भिंतीला टेकून उभे राहिले आणि छताकडे पाहत राहिले. आमचं सगळं देऊळ त्या छताखाली मावलं असतं.

ट्रामच्या बाजूचा मुलगा पुण्याचा, वकिलाचा मुलगा, बोलणारा. त्याने लोकांना हसवलं. समुद्राकाठच्या मुंबईत भुयार खोदलं तर प्रवाशांना पोहायला शिकवावं लागेल, असं तो म्हणाला, आणि टाळ्या पडल्या. पाठ केलेलं माझं भाषण त्या टाळ्यांतच कुठेतरी गळून गेलं.

मी उठलो. विलायतेचं काहीच आठवेना. तेव्हा मी जे पाहिलं होतं ते सांगू लागलो. म्हणालो, आमचं गाव आज पाण्याखाली आहे. ज्या खाचरात माझ्या आईने भाताची आवणी केली त्याच्यावर आता डोंगराएवढं पाणी आहे. ते पाणी डोंगराच्या पोटातून पलीकडे नेलंय. तोंडाशी उभं राहिलं की आत नुसता काळोख आणि गार वारा. पलीकडे कड्यावरून मोठाले नळ कोकणात उतरतात, आणि त्या पाण्याची वीज होऊन मुंबईला जाते. डोंगर फोडून पाणी नेता येतं, तर मुंबईखालून माणूस का नेता येणार नाही? आणि तो पाषाण फोडणारी माणसं तुम्हाला विलायतेहून आणावी लागणार नाहीत. ती आमच्या मावळात आहेत.

एवढं बोललो आणि मला मागची भिंत दिसली. तात्या आता छताकडे पाहत नव्हते.

अध्यक्ष प्राध्यापकांनी हात वर करायला सांगितलं. आधी ट्रामसाठी. बरेच हात वर झाले. मग भुयारासाठी म्हणाले, तेव्हा हात वर व्हायच्या आधीच मागून अनवाणी पावलांचा आवाज आला. खुर्च्यांच्या मधल्या वाटेने तात्या चालत पुढे आले. पागोटं सावरलं, माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर मांडी घातली आणि सभेकडे तोंड करून बसले. त्यांच्यामागून घोंगड्या घेऊन धनगर आला आणि त्यांच्या पलीकडे बसला.

काही मुलं हसली. वकिलाचा मुलगा म्हणाला, हे मतदार कुठले? मी उभा राहून सांगितलं, की हे माझे चुलते, आमच्या गावात असंच मत देतात. अध्यक्षांनी चष्मा काढला, क्षणभर दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग दोन मतं मांडली आहेत ती धरा." हसणं थांबलं. मागच्या रांगांतले, ट्रामच्या वेळी खाली राहिलेले हात एकामागून एक वर गेले. आमची बाजू जिंकली. पण मला तेव्हा जिंकल्याचं भान नव्हतं. माझ्या गुडघ्याशी टेकलेला तात्यांचा खांदा मला जाणवत होता. हा माणूस स्वतःची ट्राम देऊन माझ्या बाजूला बसला होता. तसं काही मी आजवर पाहिलेलं नाही, आणि मी बरंच पाहिलं आहे.

स्टेशनकडे जाताना तात्या म्हणाले, आता रूळ कधी काढतील? तोवर दुसरं काही बघावं लागेल, गोदीत हमाली मिळेल. तेव्हा मी सांगितलं, की तात्या, यातलं काही होणार नाही. ही बोलण्याची तालीम असते. मुंबईत कोणाला याचा पत्ताही नाही.

ते रस्त्यात थांबले. "म्हंजी तू खोटं बोलत व्हतास?"

"न्हाई. बोललो ते खरंच बोललो."

"आमी पन खरंच बसलो," तात्या म्हणाले.

धनगर म्हणाला, मला हे आधी कळलं असतं तर मी खुर्चीवरच बसलो असतो, बरी मऊ होती. मग तात्या हसले, दिवाळीपासून पहिल्यांदा. मी विचारलं, ट्राम जाईल असं वाटत असताना का आलात पुढे? त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "त्या बोगद्यात मी व्हतो की. जमतंय ते. जमत न्हाई म्हनून कसं बसू?"

त्या उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर मुंबईला गेलो. गिरगावात डबे भरलेली पाटी डोक्यावर घेऊन ते रस्त्याच्या कडेला उभे होते. लांबून दुमजली ट्राम आली, वर तारेला ठिणगी उडाली. तात्यांनी पाटी मागे चढवली, कंडक्टरने ती आत ओढली. चढण्याआधी त्यांनी एक पाय रस्त्यावर आपटून पाहिला, विहिरीची जागा बघताना आपटतात तसा.

"व्हईल," ते म्हणाले, "एक ना एक दिस हितनं खालून जाईल." आणि दांडा धरून ट्रामवर चढले.