पहिला पर्याय शिवणकाम

पहिल्याच यादीत नाव लागलं की पोरं पेढे घेऊन येतात. प्राची माझ्या टेबलासमोर रडत उभी होती.

मी तेव्हा अमरावतीच्या एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवायचो. प्रवेशाचं टेबलही माझ्याच गळ्यात. प्राचीला दहावीत मार्क भरपूर होते, इलेक्ट्रिशियनची जागा सहज मिळाली असती. मिळालं होतं शिवणकाम.

"फॉर्ममध्ये पहिला पर्याय शिवणकामच आहे," मी स्क्रीन पाहून म्हणालो.

"मी नाही भरला, सर. मी इलेक्ट्रिशियनच सांगतलं होतं. फॉर्म बाबांनी भरला."

बाबा म्हणजे गजाननराव, मागेच उभे होते. मोर्शीत त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटरीत नवी तांब्याची तार भरायची, हा धंदा. आसपासच्या संत्राबागांचे पंप त्यांच्याच भरवशावर. प्राची त्यांच्या शेजारी बसूनच मोटर भरायला शिकली होती.

"काहून केलं असं, गजाननराव?"

"मुद्दामच केलं. शिवणकाम लागलं तं प्राची सोडून देईन, अन् अकोल्याले नीटच्या क्लासले जाईन. पोरगी डॉक्टर झाली पाहिजे, सर. हात काळे करून राहिली तं लोक काय म्हणतीन?"

ज्या काळ्या हातांनी घर उभं केलं, त्यांचीच या गृहस्थाला लाज. माझं डोकंच फिरलं. शिवणकाम वाईट नाही, पण पोरीला फसवायला ते वापरायचं?

नियम असा, की पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यायचा, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाद. उरतं ते एकच, उरलेल्या जागांची शेवटची फेरी. ती संस्थेतच होते आणि तिला कोणीही येऊ शकतं. मी प्राचीला म्हणालो, "ही जागा सोड. शेवटच्या फेरीले ये. ओरिजिनल टीसी आण."

ती आली, एकटीच. वायरमनची एक जागा शिल्लक होती. तिचंच नाव पुकारलं. तिनं शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स पुढे केली.

"ओरिजिनल?"

"बाबांनी अकोल्याच्या कॉलेजात जमा केली. मले आजच समजलं."

ते कॉलेजही थोर. पोरं दिवसभर क्लासमध्ये, कॉलेजात फक्त त्यांची नावं. हजेरी कोणी विचारत नाही, टीसी मात्र कुलपात.

मी प्राचार्यांकडे धावलो. "साहेब, दोन दिवस द्या."

"नियमात नाही."

जागा पुढच्या नावाला गेली. प्राचीनं झेरॉक्सची घडी घातली आणि बसस्टँडकडे निघाली.

मी आता निवृत्त आहे. मागच्या महिन्यात गजाननरावांचा फोन आला. प्राची अकोल्यातच, नीटला तिसऱ्यांदा बसत होती.

"सर, मोटर भरणारा एखादा कारागीर पाहा ना. माह्या डोयाले आता बारीक तार दिसत नाही. दुकान बंद पडून राहिलं."

"होती एक," मी म्हणालो. "हात चांगला बसला होता तिचा."

आणि फोन ठेवला.

आता दहावीचं पोरगं सल्ला विचारायला आलं की ट्रेड वगैरे मी नंतर सांगतो. आधी सांगतो, टीसी स्वतःजवळ ठेव. बापाच्या हातात देऊ नको.