मास्तरांनी फोडलेला टब

चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या मास्तरांचा एक खाक्या होता: माप घेतल्याशिवाय कात्री नाही. त्यामुळे बाथरूममधला बिडाचा जुना टब काढायचा म्हटल्यावर आधी गळ्यातली टेप खाली आली. दारासमोर चिंचोळा बोळ, लगेच भिंत. टब उभा धरा, आडवा धरा, वळणारच नव्हता. म्हणजे घर बांधणाऱ्यानं आधी टब बसवला आणि मग भोवती भिंती उभ्या केल्या होत्या. मास्तर थक्क होऊन पालथ्या बादलीवर बसले.

परवा बायको इस्पितळातून घरी यायची होती. पाय घसरून तिचा खुबा मोडला होता. टबाचा काठ गुडघ्याएवढा, आणि पाय उंच उचलायला डॉक्टरांची सक्त मनाई. "मला कुणी अंघोळ घालायची नाही," तिनं नवऱ्याला बजावलं होतं. "स्टुलावर बसून माझी मी करेन. तेवढी सोय करा." जन्मात काही मागितलं नव्हतं बाईनं. नळवाला मात्र पुढच्या आठवड्याशिवाय यायला तयार नव्हता. "घाई असेल तर फोडा, मास्तर. बीड फुटतं. वर जाड पांघरूण टाका, तुकडे उडतात."

मास्तरांनी कंबर कसली. पाणी बंद केलं, सांडपाण्याचा पाइप सोडवला, भिंतीलगतचं सिमेंट छिन्नीनं खरवडून काढलं. मग डोळ्यांवर चष्मा चढवला, टबावर पांघरूण टाकलं आणि शेजाऱ्याचा घण उचलला. पहिला घाव इतका जपून घातला की टब नुसता वाजला. विसाव्या घावाला तडा गेला. संध्याकाळपर्यंत अख्खा टब पोत्यांतून खाली गेला आणि मास्तरांचे खांदे बोलायला लागले.

झाडायला म्हणून त्यांनी टबाच्या काठाशी कायम पडून असलेलं रबरी पायपुसणं उचललं. ते मास्तरांची आई वारल्यावर तिथं अंथरलेलं. खालच्या फरशीत शेजारी शेजारी दोन खळगे होते, उथळ आणि गुळगुळीत.

मास्तर खाली वाकले. त्यांचे दोन्ही गुडघे त्यात बरोबर बसले, हात आपोआप टबाच्या जागी पोचले. आधी दोन मुलं, मग अकरा वर्षं मास्तरांची अंथरुणाला खिळलेली आई; सगळ्यांना बायकोनं इथंच गुडघे टेकून अंघोळ घातली होती. बायकोचे गाऊन नेमके गुडघ्यांवर विरायचे. मास्तर ठिगळ लावता लावता म्हणायचे, "गुडघ्यांवर चालतेस की काय?" ती हसायची. दगड झिजवला होता या बाईनं, आणि चाळीस वर्षं मापं घेणाऱ्या माणसाला पत्ता नव्हता. मास्तरांना भरून आलं. बराच वेळ त्यांना उठवेना.

ती आली. काठी टेकत आत गेली, पाइपावरची नवी जाळी बघितली, स्टूल हलवून पाहिलं. मग फरशीकडे पाहत म्हणाली, "हे खळगे बुजवायचे राहिले वाटतं."

"ते नाही बुजवायचे," मास्तर म्हणाले. "इतकी वर्षं मी थट्टाच करत राहिलो. चुकलं माझं."

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"तुमची ठिगळं होती म्हणून गुडघे तरी शाबूत राहिले," ती म्हणाली. "खुब्याला ठिगळ लावलं नव्हतं ना, तो मोडला. आता बाहेर व्हा, मला अंघोळ करायची आहे."

मास्तर दाराबाहेर उभे राहिले. आत पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला, तेव्हा कुठं ते खाली बसले.