पेन्सिलीतला गुरुवार

दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून एकोणीस वर्षं काढलेल्या ताईंनी एकच गोष्ट सांगून दाताच्या कण्या केल्या होत्या. हिरड्यांखाली खोलवर साफ करून घेतलं, रक्त यायचं थांबलं, की लोकांना वाटतं सुटलो. कसले सुटताय! तिथे ब्रश पोचत नाही. काही आठवड्यांत जंतू पुन्हा मुक्कामाला येतात आणि दुखत नाही म्हणून कळतही नाही. "दर तीन महिन्यांनी या, नाहीतर पहिले पाढे पंचावन्न," असं त्या प्रत्येक पेशंटला बजावत.

त्यांची स्वतःची सफाई दीड वर्षापूर्वी झाली होती. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी एका गुरुवारची चारची वेळ त्या वहीत स्वतःसाठी लिहीत. पेशंटची नावं पेनाने, आपलं पेन्सिलीने. मग कुणाचा तरी फोन येई, गाल सुजलाय, परगावी जायचंय, आणि ताई खोडरबर उचलत. असे पाच गुरुवार गेले. लोक म्हणत, किती चांगल्या तुम्ही. चांगुलपणा होताच, पण खुर्चीत बसायची धास्तीही होती, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

उजवीकडची खालची दाढ हलायला लागली तेव्हा मात्र त्या मुकाट खुर्चीत बसल्या. डावीकडच्या दाढा केव्हाच गेलेल्या, चावायला हीच काय ती उरलेली. ही गेली की जन्मभर कुस्करून खायचं. त्यांच्या आईने शेवटची नऊ वर्षं तसंच खाल्लं, आणि कुस्करून भरवायला ताईच असत.

घोडं अडलं ते भलतीकडेच. डॉक्टरांनी हिरडीत बारीक सळई घालून खोली मिलिमीटरमध्ये मोजायची, तीनपर्यंत ठीक, पुढे धोका, आणि ताईंनी आकडे लिहायचे, हा रोजचा शिरस्ता. आज ताईच खुर्चीत. शेवटी तक्ता पोटावर धरून, तोंड वासून, त्यांनी आपले आकडे आपणच लिहायला घेतले.

"तीन. दोन. तीन." दाढेपाशी डॉक्टर जरा थांबल्या. "सात."

ताईंनी पाच लिहिलं.

एकोणीस वर्षांत त्यांचा एक आकडा चुकला नव्हता. डॉक्टरांनी तक्ता उचलून पाहिला. आता त्या चिडणार असं ताईंना वाटलं, पण त्यांनी तक्ता फक्त ताईंसमोर धरला.

"कुणाला फसवताय, ताई?"

"कंटाळले हो मी. साफ करा, पुन्हा होतं. पुन्हा करा, पुन्हा होतं. याला काही शेवट?"

"दाढ काढली की शेवट," डॉक्टर म्हणाल्या. "आज भूल देऊन साफ करते. तीन महिन्यांनी आकडा खाली आला तर ती राहील. आला नाही, तर काढावीच लागेल."

काम आटोपल्यावर डॉक्टरांनी स्वतः वही ओढली आणि तीन महिन्यांनंतरच्या गुरुवारी, चार वाजता, ताईंचं नाव पेनाने लिहिलं.

अर्धा ओठ बधिर असतानाच फोन वाजला. एका जुन्या पेशंटबाईंना नेमकी तीच वेळ हवी होती. ताईंचा हात सवयीने खोडरबराकडे गेला आणि तिथेच थांबला.

"नाही हो. तेव्हा एक पेशंट आहे."

"अहो, ढकला ना तिला पुढे. तुम्ही नेहमी जमवता!"

"पाचदा ढकललं तिला," ताई जड जिभेने म्हणाल्या. "आता तिची दाढ हलतेय."